जुनी वेगवान गाडी आणि परवडणारे टायर : कुठे वाचवायचं, कुठे नाही

(सोलापुरात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांची निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, टायरवर तासभर काय बोलणार? काळा, गोल, हवा भरायची, संपला विषय. पण ज्यांच्या दारात वीस वर्षांची, एके काळी जोरात पळणारी गाडी उभी आहे, त्यांना हा प्रश्न नेमका कुठे टोचतो ते माहीत आहे. गाडीला बाजारात आज दीड-दोन लाख येतात. टायरवाला चार टायरचे तीस-पस्तीस हजार सांगतो. घरचे म्हणतात, त्या डबड्यावर एवढे पैसे घालणार? आणि मग आपण विचारतो, "जरा स्वस्तातलं काही दाखवा ना."

स्वस्तातलं मागण्यात काही चूक नाही. पैसे सगळ्यांचेच मोजके असतात. फक्त पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत, एवढंच आज बघायचं आहे.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय मी? आपल्या सोलापूरचा एक धागा आहे, तिथूनच सुरुवात करू. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली, कारखाना कुर्ल्याला. त्याच कुर्ल्यात पुढे २००१ मध्ये फियाटची पॅलिओ बनायला लागली आणि तिचं १.६ लिटरचं इंजिन होतं सुमारे १०० अश्वशक्तीचं. त्या काळात एवढ्याशा गाडीत एवढी ताकद म्हणजे कमालच होती. त्याच सुमाराची होंडा सिटी व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची. मग औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जुळणी झालेली स्कोडा ऑक्टेविया आरएस, १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती. फोर्ड आयकॉन १.६, जुनी बलेनो, सेडिया, अशी बरीच नावं आहेत. या गाड्या आजही हौसेनं सांभाळणारे लोक आहेत. यातल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन आजही दमदार आहे, पण त्यांच्यातल्या अनेकांत एबीएस नाही, एअरबॅग नाहीत. म्हणजे पळायची ताकद आजची आणि थांबायची साधनं कालची. अशा गाडीत टायर हेच सगळ्यात मोठं सुरक्षेचं साधन ठरतं.

चार तळहात

गाडी रस्त्याला नेमकी किती टेकलेली असते? प्रत्येक टायरची साधारण तळहाताएवढी जागा. चार टायर, चार तळहात. अकराशे किलोची गाडी, आत पाच माणसं, डिकीत सामान, आणि हे सगळं वळवायचं, थांबवायचं ते या चार तळहातांच्या जोरावर. ब्रेक काय करतात? चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. ओल्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेग आहे आणि तुम्ही पूर्ण ब्रेक दाबला. चांगल्या टायरची पकड ०.७ धरू, कडक झालेल्या टायरची ०.५. पहिली गाडी साधारण ५६ मीटरवर थांबते. दुसरी जवळजवळ ७९ मीटरवर. फरक २३ मीटरचा. पण खरी गोष्ट पुढे आहे. जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा वेग अजून ताशी ५३ किलोमीटर असतो. म्हणजे एकीत काही झालं नाही आणि दुसरी त्रेपन्नच्या वेगाने समोरच्याला धडकली.

आणि समोरचा कोण असतो आपल्याकडे? ऊसतोडणीच्या हंगामात रात्री पुणे रस्त्यावर नाहीतर पंढरपूर रस्त्यावर गेला आहात ना? दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला. तो दिसतो तेव्हा हातात फार अंतर नसतं. तेव्हा हे २३ मीटर आठवा.

टायर म्हणजे कापड

सोलापूरकरांना टायर समजावणं खरं तर सोपं आहे, कारण टायर हे मुळात कापड आहे. बाहेर दिसतं ते रबर. आतला सांगाडा धाग्यांचा असतो. सुरुवातीच्या काळात तो सुती होता, मग रेयॉन आला, आता गाड्यांच्या टायरमध्ये बहुधा पॉलिएस्टर असतो. त्याच्यावर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, पोलादी तारांचे पट्टे. या टायरच्या कापडात ताणा भरगच्च असतो आणि बाणा अगदी विरळ, ताण्याचे धागे जागेवर धरण्यापुरता. रेडियल टायरमध्ये हे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. सगळा ताण ताण्यावर.

हे कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. खड्ड्यात चाक आदळलं आणि टायरच्या बाजूला फुगा आला, याचा अर्थ काय? आतले ताण्याचे धागे तुटले. आता हवेला फक्त रबर अडवतंय. तो टायर दुरुस्त होत नाही. पंक्चर काढता येतं, कारण ते मधल्या भागात असतं, जिथे पोलादी पट्टे आहेत. बाजूच्या भिंतीला प्लग लावून देणारा भेटला, तर त्याला नमस्कार करून निघा.

दुसरी गोष्ट, रबर म्हातारं होतं. रबर लवचीक राहावं म्हणून त्यात तेलं आणि रसायनं घातलेली असतात. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांनी ते रबर हळूहळू कडक होतं, मग त्याला बारीक भेगा पडतात. हे टायर चालला तरी होतं आणि उभा राहिला तरी होतं. अमेरिकेतल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेला टायरचं म्हातारपण तपासायचं होतं, तेव्हा त्यांनी वापरलेले टायर गोळा केले ते ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातून. का? तिथे उष्णता प्रचंड, म्हणून म्हातारपण लवकर दिसतं. आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे आठवा. पारा बेचाळीसच्या वर, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं. आपण जवळपास त्याच पंगतीत बसतो.

टायरचं वय कसं बघायचं? बाजूच्या भिंतीवर इंग्रजी डी, ओ, टी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे लंबगोलात असतात. समजा २३१९. याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बस, एवढंच. कधी कधी हे चार आकडे टायरच्या आतल्या बाजूला येतात, तेव्हा वाकून, मोबाईलचा दिवा लावून बघा. टायर बसवण्याआधी बघितलंत तर फारच उत्तम.

अनेक टायर कंपन्या सांगतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करा आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी काढा. काही गाडी कंपन्या सहा वर्षांची मर्यादा सांगतात. आपल्या हवेत, एबीएस नसलेल्या वेगवान गाडीला, मी सहाच धरून चालतो.

किलोमीटर नाही, वर्षं मोजा

आता मुख्य मुद्दा. आजच्या भाषणातलं एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे.

दुकानात गेलात की पहिलं वाक्य काय ऐकू येतं? "साहेब, हा घ्या, साठ हजार किलोमीटरला मरण नाही." आणि आपल्याला ते बरं वाटतं. टिकाऊ वस्तू म्हणजे चांगली वस्तू, हा आपला संस्कारच आहे. सोलापुरी चादर कशी, वर्षानुवर्षं चालते! पण टायर ही चादर नाही.

तुमची हौसेची गाडी वर्षाला किती चालते? रविवारी तुळजापूर, कधी अक्कलकोट, वर्षातून चार वेळा पुणे. चार हजार किलोमीटर धरू. आता समजा दोन टायर आहेत, दोन्हींची किंमत पाच हजार. एक साठ हजार किलोमीटर चालणारा, कडक रबराचा. दुसरा पस्तीस हजार चालणारा, मऊ रबराचा, चांगल्या पकडीचा. चार हजारांच्या हिशोबाने पहिला टायर पंधरा वर्षं पुरेल आणि दुसरा पावणेनऊ वर्षं. पण सहा वर्षांनी दोन्ही वयाने बाद होणार आहेत! सहा वर्षांत गाडी चालणार चोवीस हजार. म्हणजे साठ हजारवाल्या टायरचे छत्तीस हजार किलोमीटर तुम्ही पैसे मोजून विकत घेतलेत आणि वापरलेच नाहीत. त्या न वापरलेल्या किलोमीटरांच्या बदल्यात काय दिलंत? पकड दिलीत. ज्याची रोज गरज होती, तेच.

वर्षाचा खर्च बघा. पाच हजार भागिले सहा, म्हणजे साधारण ८३३ रुपये एका टायरला. दोन्हींचा सारखाच. मग कमी चालणाऱ्या गाडीला चांगल्या पकडीचा टायर घेणं ही चैन नाही, ती फुकट मिळणारी सुरक्षा आहे.

उलट बाजूही बघू. कुणी अशीच गाडी रोज कामाला वापरत असेल, वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, तर त्याचं गणित वेगळं. त्याला साठ हजारवाला चार वर्षं पुरतो, पस्तीस हजारवाला सव्वादोन-अडीच वर्षं. तिथे टिकाऊपणाला खरंच किंमत आहे. त्यामुळे दुकानात जायच्या आधी घरी बसून एकच आकडा काढा, गाडी वर्षाला किती चालते.

याच हिशोबाने जुन्या मालाची सूटही तपासा. दुकानदार म्हणतो, "हा पीस तीन वर्षांपूर्वीचा आहे, नवाच आहे, वीस टक्के कमी लावतो." पाच हजारांचा टायर चार हजारांना. सहा वर्षांतली तीन गेली, उरली तीन. चार हजार भागिले तीन, म्हणजे वर्षाला १३३३ रुपये. स्वस्त म्हणून घेतलेला टायर दीडपटीहून महाग पडला. सावलीत, थंड जागेत नीट ठेवलेला टायर सावकाश म्हातारा होतो हे खरं, पण तो पत्र्याच्या गोदामात मे महिना काढून आला की नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? वर्षभराच्या आत बनलेला टायर मागा. चारही टायरचे आकडे बघून मगच पैसे द्या.

माप : खरी बचत इथे आहे

टायरवर लिहिलेलं असतं, समजा १९५/५५ आर १५ ८५ व्ही. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ८५ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. आणि व्ही हे वेगाचं अक्षर, ताशी २४० पर्यंत. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०.

जुन्या वेगवान गाड्यांची एक खास अडचण इथे आहे. यांची मापं, विशेषतः चौदा इंची, आज छोट्या कौटुंबिक गाड्यांना लागतात. त्यामुळे दुकानात त्या मापाचा टायर सहज मिळतो, पण तो टी अक्षराचा, ॲव्हरेज जास्त मिळावं म्हणून बनवलेला. माप बसतं, स्वभाव बसत नाही. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे कंपनीचा स्टिकर असतो, नाहीतर पुस्तिकेत तक्ता असतो. तिथे एच लिहिलं असेल तर एचच मागा. कुणी म्हणेल, "मी कुठे दोनशेने चालवतो?" अहो, चौपदरी महामार्गाला गाडीची कायदेशीर मर्यादाच १०० आहे, द्रुतगती मार्गाला १२०. प्रश्न वेगाचा नाही. वेगाचं अक्षर म्हणजे टायर किती उष्णता सोसतो याची परीक्षा आहे. मे महिन्यात दुपारी भरलेली गाडी घेऊन हैदराबादला जाताना ती परीक्षा उपयोगी पडते. आणि वजनाचा निर्देशांक तर कधीच कमी करायचा नाही.

मग बचत कुठे? रिमच्या आकारात. काहींच्या गाडीला सतरा इंची रिम आहेत, मूळचे किंवा आधीच्या मालकाने हौसेने लावलेले. समजा माप आहे २२५/४५ आर १७. याचा पूर्ण व्यास काढा, ६३४ मिलिमीटर. आता २०५/५५ आर १६ चा व्यास काढा, ६३२ मिलिमीटर. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. स्पीडोमीटर तेच दाखवेल, गिअरची चाल तीच राहील. पण सोळा इंची टायर स्वस्त मिळतो, कारण तो अनेक गाड्यांना चालतो, जास्त दुकानांत मिळतो, ताजा मिळतो. शिवाय बाजूची भिंत उंच असल्याने खड्ड्यात रिम वाचते. आपले रस्ते आणि आपले गतिरोधक बघता, हा फायदा छोटा नाही.

अट एकच. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या प्रकारात कंपनीने ते माप दिलेलं असावं. मग त्या प्रकाराच्या जुन्या रिम शोधा. घेण्याआधी लावून बघा, कारण वेगवान प्रकाराचे ब्रेक मोठे असतात आणि लहान रिम कॅलिपरला घासू शकते. बोल्टची मांडणी आणि रिमचा आतबाहेर ठेवणीचा आकडाही जुळायला हवा.

याच्या उलट, चौदाच्या जागी सोळा लावून रुंद टायर चढवायचा मोह टाळा. टायर महाग, चाक जड, स्टिअरिंग जड, वळताना मडगार्डला घासणं, आणि जुन्या सस्पेन्शनवर धक्का. कायद्याच्या अंगानेही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाहीत. या गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, म्हणजे पुनर्नोंदणीला आरटीओसमोर उभं राहावं लागतं. तिथे चाक मडगार्डबाहेर आलेलं दिसलं की उगाच फेरा वाढतो.

दुकानात काय विचारायचं

ढोबळमानाने गाडीचे टायर तीन स्वभावांचे. एक, कमी इंधन आणि जास्त किलोमीटर देणारे. दोन, शांत आणि संतुलित, ज्यांना टूरिंग म्हणतात. तीन, पकडीचे, स्पोर्ट्स. पकड, टिकाऊपणा, कमी इंधन आणि कमी किंमत या चारही गोष्टी एका टायरात पूर्ण मिळत नाहीत. एक वाढवली की दुसरी थोडी सोडावी लागते.

बजेट खरंच कमी असेल तर माझा क्रम असा. नामांकित कंपनीचा मधल्या दर्जाचा, ताजा, योग्य अक्षराचा टूरिंग टायर. तो जुन्या साठ्यातल्या भारी स्पोर्ट्स टायरपेक्षा चांगला. आणि चार सारखे मधले टायर, दोन भारी आणि दोन कसले तरी यापेक्षा चांगले.

काही टायरवर ट्रेडवेअर असा आकडा असतो. दोनशेच्या आसपास म्हणजे मऊ, लवकर झिजणारा. चारशे-पाचशे म्हणजे टिकाऊ. हा आकडा कंपनीच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला वापरा. शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं. दुहेरी ए सर्वात वर, मग ए, बी, सी.

आयएसआयचा शिक्का बघा. गाडीच्या टायरसाठीचं भारतीय मानक आय. एस. १५६३३. आणि "मला परदेशी कंपनीचाच हवा" हा हट्ट थोडा सैल करा. जून २०२० पासून सरकारने नव्या टायरच्या आयातीवर बंधनं घातली. त्यानंतर वेगळ्या मापाचा आयात टायर कुठे सापडलाच, तर तो बऱ्याचदा जुन्या साठ्यातला असतो. नाशिकला, चाकणला, वाळूजला, गोव्यात उसगावला टायरचे कारखाने आहेत. इथे बनलेला ताजा टायर दूरच्या म्हाताऱ्या टायरपेक्षा कधीही बरा.

आता खोट्या बचती, भराभर सांगतो. गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने नव्या खाचा पाडून मिळतात, त्या नको. खाचा दिसतात, पण रबर तेवढंच उरलेलं असतं आणि पातं पट्ट्यापर्यंत गेलं तर टायर फुटतो. रिमोल्ड टायर ट्रकच्या मागच्या चाकांना ठीक, वेगवान गाडीला नको. सेकंड हँड टायर कुठे, कसा, किती कमी हवेत चालला हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. त्यात एकच अपवाद मानतो. नवी गाडी घेऊन लगेच मोठे टायर लावणारे हौशी लोक मूळचे टायर दुकानात सोडून जातात. ते पन्नास-शंभर किलोमीटर चाललेले असतात. माप, अक्षर आणि चार आकडे जुळले, आतून हात फिरवून धागा उसवलेला नाही याची खात्री झाली, तर जरूर घ्या. हा सोलापुरातला सगळ्यात चांगला सौदा आहे, पण त्यासाठी टायरवाल्याशी ओळख ठेवावी लागते आणि दोन महिने थांबायची तयारी लागते.

खाच आणि पाणी

नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने गाडीला किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचेत आडव्या उंचवट्या दिसतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की ती मर्यादा आली. पण मी तीन मिलिमीटरला बदला म्हणतो, याचं कारण पाणी. खाच म्हणजे पाण्याला बाहेर जायची गटार. गटार उथळ झाली की पाणी टायरखाली तुंबतं आणि टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग हलकं होतं, ब्रेक लागत नाही.

नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये यासाठी एक सोपं सूत्र दिलं होतं, मूळ विमानाच्या टायरसाठी. तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. गुळगुळीत टायर, साचलेलं पाणी आणि ३२ पौंड हवा असेल तर तो वेग येतो ताशी सुमारे ९४ किलोमीटर. हवा २० पौंडांवर उतरली तर सुमारे ७५. म्हणजे कमी हवा आणि गोटा टायर ही जोडी पावसात काय करते बघा. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण सात-आठ महिने रस्त्यावर बसलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते. सोलापूरचा सगळ्यात निसरडा दिवस मृगाच्या पहिल्या पावसाचा असतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : दोनच टायर बदलायचे असतील तर नवे पुढे लावायचे की मागे?

उत्तर : मागे. सगळे पुढे लावायला सांगतात, कारण पुढची चाकं ओढतात, वळतात आणि जास्त झिजतात. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय सोडला की सावरते. मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि तुमच्या हातात काही राहत नाही. म्हणून चांगली जोडी मागे. आणि एका धुरीवर नेहमी एकाच कंपनीची, एकाच नक्षीची जोडी हवी. स्टेपनीचं वयही बघा. ती डिकीत पडून म्हातारी झालेली असते.

प्रश्न : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी असं सगळे सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर : अगदी उलट आहे, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पौंड वाढतो. सकाळी २५ अंशाला ३२ भरलेत तर दुपारी ४२ अंशाला ३५ होईल. हा वाढीव दाब टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेला असतो. पण हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार वारंवार वाकवली की गरम होते ना, तसंच. त्या उष्णतेने धागे आणि रबर सुटतात आणि टायर फुटतो. तेव्हा सकाळी, गाडी फारशी चालवण्याआधी, स्टिकरवरचा आकडा भरा. भर दुपारी महामार्गावर थांबून तापलेल्या टायरची हवा काढू नका.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का?

उत्तर : फुकट मिळाला तर भरा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. त्या पैशात चांगला प्रेशर गेज घ्या आणि पंधरा दिवसांनी स्वतः हवा तपासा.

प्रश्न : माझी गाडी महिना-महिना उभी असते. टायरसाठी काय करू?

उत्तर : सावलीत ठेवा, नाहीतर निदान चाकांवर ऊन पडणार नाही असं आवरण घाला. दर आठ-पंधरा दिवसांनी दहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे एकाच जागी भार पडून टायर चपटा होत नाही. टायरला चकाकी आणणारी तेलकट द्रव्यं फासू नका, साधं पाणी पुरे.

प्रश्न : नवे टायर टाकल्यावर आणखी काय खर्च धरावा?

उत्तर : नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. जुन्या गाडीत आधी सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट तपासून घ्या. ते ढिले असतील तर अलाइनमेंट टिकत नाही आणि नवा टायर पाच हजार किलोमीटरमध्ये एका बाजूने खाल्ला जातो. मग तुम्ही टायरला शिव्या देता. आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या टायरचा वरचा गुळगुळीत थर जायला तेवढा वेळ लागतो.

शेवटी एवढंच सांगतो. दुकानात जाताना खिशात एक चिठ्ठी ठेवा. त्यावर पाच गोष्टी लिहा : गाडी वर्षाला किती चालते, स्टिकरवरचं माप, वजनाचा आकडा, वेगाचं अक्षर, आणि "टायर वर्षभराच्या आतला हवा." भाव करायचा तो यानंतर. रिमच्या आकारात वाचवा, नावात वाचवा, न लागणाऱ्या किलोमीटरांत वाचवा. टायरच्या वयात आणि पकडीत मात्र एक रुपयाही वाचवू नका.